मेगर ठीक सांगत होता, तेल वेगळे सांगत होते: ट्रान्सफॉर्मरच्या इन्सुलेशन तपासणी सेवेविषयी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या विद्युत विभागात मी देखभालीचे काम पाहतो. आमच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पात ११ किलोव्होल्टवर तयार झालेली वीज २५ एमव्हीएच्या एका ट्रान्सफॉर्मरमधून ११० किलोव्होल्टवर चढवून महापारेषणच्या जाळ्यात पाठवली जाते. असा ट्रान्सफॉर्मर आमच्याकडे एकच आहे. गळीत हंगामात तो बंद पडला तर टर्बाइन फिरत असूनही वीज बाहेर जात नाही, आणि नवा मागवायचा म्हटले तर खर्च कोटींत जातो व प्रतीक्षा महिन्यांत मोजावी लागते. म्हणून गेल्या जुलैत, बिगरहंगामाच्या मध्यावर, पुण्याहून एका खासगी चाचणी संस्थेला बोलावून या ट्रान्सफॉर्मरची, जनरेटरची आणि त्यांना जोडणाऱ्या केबलची इन्सुलेशन तपासणी करून घेतली. हे परीक्षण त्या सेवेचे आहे. संस्थेचे नाव लिहीत नाही, कारण तिची जाहिरात किंवा बदनामी करणे हा हेतू नाही. अशी सेवा घेताना काय मागावे आणि काय तपासावे, हे माझ्या जागी बसलेल्या इतर अभियंत्यांना कळावे, एवढाच हेतू आहे.

त्याआधी आम्ही काय करत होतो, ते प्रांजळपणे सांगायला हवे. दर बिगरहंगामात आमचेच इलेक्ट्रिशियन पाच किलोव्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा विरोध मोजणारे उपकरण, लावून रीडिंग घेत, तेलाची बीडीव्ही, म्हणजे तेल किती व्होल्टेजला फुटते तो आकडा, काढून घेत, आणि दोन्ही आकडे वहीत चढले की ट्रान्सफॉर्मर सुदृढ आहे असे आम्ही धरून चालत असू. मेगर हे खरे तर एका इंग्रजी उपकरणाचे १९०३ पासूनचे व्यापारी नाव. आपल्याकडे ते क्रियापदासारखे वापरले जाते, आणि ‘मेगर केला’ म्हणजे ‘तपासून झाले’ असा अर्थ आपोआप निघतो. तेलात विरघळलेल्या वायूंच्या तपासणीसाठी, म्हणजे डीजीएसाठी, एकदा एका कंत्राटदाराने तेलाचा नमुना नेला होता, पण तो नेला पाण्याच्या रिकाम्या प्लॅस्टिक बाटलीत. हायड्रोजनसारखा हलका वायू अशा बाटलीतून प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत टिकत नाही, आणि वर राहिलेली हवा उरलेले गणितही बिघडवते. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कंत्राटदाराकडून आम्ही तेल गाळून घेतले आणि त्यानंतर दहा दिवसांनी नमुना पाठवला. अहवालात सगळे वायू नगण्य आले आणि शेरा आला ‘सामान्य’. निर्वात गाळणीत तेलातले वायू निघून जातात, त्यामुळे तो अहवाल ट्रान्सफॉर्मरविषयी काहीच सांगत नव्हता; गाळणी यंत्र नीट चालले, एवढेच त्यातून सिद्ध होत होते. गाळण्याआधी एक नमुना घेतला असता, तर ट्रान्सफॉर्मरच्या पहिल्या बारा-तेरा वर्षांचा इतिहास हाती राहिला असता. ती चूक माझ्या विभागाची होती आणि तिची मला आजही हळहळ वाटते.

आता सेवेकडे वळतो. तिघांचे पथक पहाटे आले आणि सर्वांत आधी त्यांनी कामाचा परवाना मागितला. लाइन बंद झाल्याचे पत्र, आयसोलेटर उघडल्याची प्रत्यक्ष पाहणी, व्होल्टेज डिटेक्टरने खात्री झाल्यावर अर्थिंग रॉड लावणे आणि मगच जंपर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला लाइनशी जोडणाऱ्या तारा, सोडणे, हा क्रम त्यांनी घाई न करता पाळला. शेजारची बे, म्हणजे यार्डातला शेजारचा जोडणीचा कप्पा, जिवंत होती, त्यामुळे हा केवळ शिष्टाचार नव्हता. तेलाचा नमुना त्यांनी जंपर सोडण्याआधीच घेतला. तळाच्या व्हॉल्व्हमधून पुष्कळ तेल आधी वाहून जाऊ दिले, मग तीन दिशांची तोटी बसवलेली काचेची सिरिंज तेलाने दोनदा धुतली, तिसऱ्यांदा भरताना एकही बुडबुडा राहू दिला नाही, आणि सिरिंज उन्हापासून झाकून पेटीत ठेवली. सिरिंजवर तेलाचे तापमान, वेळ आणि व्हॉल्व्हची जागा लिहिली. ज्या कामाला आमच्याकडे पूर्वी दोन मिनिटे लागत, त्याला त्यांनी अर्धा तास दिला. पुढे जे हाती लागले ते या अर्ध्या तासामुळे लागले.

मेगरची चाचणी त्यांनीही केली. उच्चदाब वाइंडिंग ते अर्थ एका मिनिटाला ६.२ गिगाओहम आले, जे आमच्या वहीतल्या आकड्यांशी जुळत होते. दहाव्या मिनिटाचे रीडिंग भागिले पहिल्या मिनिटाचे, म्हणजे पोलरायझेशन इंडेक्स, त्यांनी नोंदवला खरा, पण त्यावर मत देण्याचे टाळले. हे मला योग्य वाटले. जनरेटर किंवा मोटरच्या कोरड्या इन्सुलेशनमध्ये हा निर्देशांक बरेच काही सांगतो, मात्र तेलात बुडालेल्या वाइंडिंगमध्ये तेल स्वतःच हलते राहते आणि निर्देशांक कमी आला तरी इन्सुलेशन वाईट असेलच असे नाही. पावसाळी दमट हवेत पोर्सिलेनच्या पृष्ठभागावरून वाहणारा प्रवाह मोजणीत मिसळू नये म्हणून त्यांनी गार्ड टर्मिनल वापरले. आमच्या मेगरलाही ते टर्मिनल आहे, पण ते कशासाठी असते हे आमच्या इलेक्ट्रिशियनांना त्या दिवशी पहिल्यांदा समजावून सांगितले गेले.

खरा वेळ गेला तो टॅन डेल्टाच्या चाचणीत. इन्सुलेशन म्हणजे मुळात एक कपॅसिटर. तो निर्दोष असेल तर त्यातून जाणारा प्रवाह व्होल्टेजच्या बरोबर नव्वद अंश पुढे असतो. ओलावा, म्हातारपण किंवा घाण यांमुळे इन्सुलेशनमध्ये ऊर्जा खर्च होऊ लागली की हा कोन नव्वदपेक्षा थोडा कमी होतो, आणि त्या फरकाचा टॅन्जंट म्हणजे टॅन डेल्टा. दहा किलोव्होल्ट लावून वाइंडिंगच्या तिन्ही जोड्या स्वतंत्रपणे मोजल्या, आकडे ०.२९, ०.३८ आणि ०.४१ टक्के आले. तेलाच्या ट्रान्सफॉर्मरला अर्ध्या टक्क्याच्या आत असलेला आकडा सर्वसाधारणपणे चांगला मानतात, त्यामुळे इथेही चिंता नव्हती. शेजारच्या जिवंत बेमुळे ५० हर्ट्झचा गोंगाट मोजणीत शिरत होता, म्हणून त्यांच्या उपकरणाने ५० च्या खालच्या व वरच्या वारंवारतेवर मोजून सरासरी काढली.

बुशिंगच्या वेळी मात्र एक प्रसंग घडला आणि त्यावरून मला या पथकाची पारख झाली. बुशिंग म्हणजे वाइंडिंगचे टोक टाकीतून बाहेर आणणारा पोर्सिलेनचा खांब; ११० किलोव्होल्टच्या बुशिंगमध्ये तेलात भिजवलेल्या कागदाचे थर आणि त्यांमध्ये धातूच्या पातळ पत्र्या असतात. टेस्ट टॅप या मोजणीसाठी ठेवलेल्या जोडणीवरून या गाभ्याची कपॅसिटन्स व टॅन डेल्टा मोजता येतो. अशा बुशिंगला ०.७ टक्के ही कमाल मर्यादा मानली जाते. आर फेजचे बुशिंग ०.३६ आणि बी फेजचे ०.३८ आले. वाय फेजचे आले ०.११. मी मनात म्हटले, हे तर सर्वांत उत्तम निघाले. पथकप्रमुखांनी ताबडतोब चाचणी थांबवली आणि म्हणाले, “साहेब, हा आकडा चांगला नाही, खोटा आहे. एकाच वयाच्या, एकाच बनावटीच्या तीन बुशिंगपैकी एकच इतके तरुण कसे राहील?” पोर्सिलेनवर बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, काजळी आणि रात्रीच्या पावसाची ओल बसली होती. अशा थरातून वाहणारा प्रवाह टेस्ट टॅपवरच्या मोजणीत उलट दिशेने मिसळून आकडा खाली ओढू शकतो, कधीकधी ऋणही दाखवतो. त्यांनी बुशिंग कोरड्या फडक्याने पुसून घेतले, तासभर ऊन येण्याची वाट पाहिली आणि पुन्हा मोजले; ०.३९ आले. आकडा वाढला आणि आम्ही सर्वांनी सुटकेचा श्वास सोडला. केवळ तक्ता भरायला आलेला माणूस ०.११ लिहून, समोर ‘उत्तम’ असा शेरा मारून निघून गेला असता. पुढच्या वर्षी ०.३९ आल्यावर मात्र हे बुशिंग झपाट्याने बिघडत आहे असे समजून आम्ही ते विनाकारण बदलले असते. तिन्हींची कपॅसिटन्स नामफलकावरच्या आकड्यांशी जुळली, म्हणजे आतल्या पत्र्यांपैकी कोणतीही जोडी शॉर्ट झालेली नव्हती.

काम संपवताना टेस्ट टॅपची टोपी परत बसवून, टॅप आणि अर्थ यांच्यात सातत्य आहे की नाही हे त्यांनी प्रत्येक बुशिंगवर मल्टिमीटरने तपासले आणि माझी सही घेतली. हा मुद्दा मी मुद्दाम लिहितो आहे. टोपी सैल राहिली आणि टॅप अर्थला जोडला गेला नाही, तर चार्ज केल्यावर तो तरंगता राहतो, तेथे डिस्चार्ज सुरू होतो आणि चाचणीमुळेच बुशिंग निकामी होते. कोणतीही संस्था बोलावा, ही तपासणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लाइन परत घेऊ नये.

त्या संध्याकाळी आमच्या हाती असलेल्या सर्व आकड्यांनुसार ट्रान्सफॉर्मर निरोगी होता. प्रयोगशाळेचा अहवाल पाच दिवसांत येणार होता, तो बाराव्या दिवशी आला. बीडीव्ही ६२ किलोव्होल्ट आणि पाणी दहा लाखांत १४ भाग, म्हणजे तेल कोरडे व स्वच्छ. पण विरघळलेल्या वायूंमध्ये, दहा लाखांत भाग या मापाने, हायड्रोजन ६२, मिथेन १४०, इथेन ४५, इथिलीन २१० आणि ॲसिटिलीन ४ होते. हे सर्व तेल गाळल्यानंतरच्या जेमतेम दोन हंगामांत जमलेले होते, आणि आकड्यांपेक्षा हा वेगच मला अधिक अस्वस्थ करणारा वाटला.

तेल म्हणजे हायड्रोकार्बनच्या साखळ्या. त्या कोणत्या तापमानाला तुटतात त्यावर कोणता वायू निघेल हे ठरते: कमी ऊर्जेच्या डिस्चार्जमध्ये प्रामुख्याने हायड्रोजन, तेल तापल्यास आधी मिथेन आणि इथेन, तापमान वाढत गेले की इथिलीन, आणि ठिणगी किंवा सातशे अंशांपलीकडची उष्णता असेल तर ॲसिटिलीन. कॅनडातील हायड्रो-क्वेबेकच्या संशोधन संस्थेतले मिशेल ड्युवाल यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या त्रिकोणात मिथेन, इथिलीन आणि ॲसिटिलीन यांचे परस्परांतील टक्के घेऊन बिंदू मांडतात. आमचे टक्के अनुक्रमे सुमारे ४०, ५९ आणि १ आले, आणि बिंदू सातशे अंशांहून अधिक तापलेल्या दोषाच्या भागात पडला. संस्थेच्या अहवालाला येथे एक श्रेय द्यायला हवे. हा त्रिकोण निरोगी ट्रान्सफॉर्मरचे आकडे दिले तरी त्यांना कोणत्या ना कोणत्या दोषाच्या खान्यात बसवतोच, कारण ‘दोष नाही’ असा खाना त्यात नाही; त्यामुळे आधी वायूंची पातळी आणि वाढ चिंताजनक आहे का हे ठरवून मगच त्रिकोणाकडे जायचे असते. अहवालात नेमका हाच क्रम होता, आणि वायूंच्या गुणोत्तरांच्या दुसऱ्या पद्धतीनेही तोच निष्कर्ष पडताळून पाहिलेला होता. कार्बन डायऑक्साइड हा कार्बन मोनॉक्साइडच्या सुमारे दहा पट होता. हे प्रमाण तीनच्या खाली आले असते तर कागद जळत असल्याचा संशय घ्यावा लागला असता. येथे मात्र तापत होता तो बहुधा कागदापासून दूर असलेला, तेलात उघडा असलेला धातू.

दुसऱ्या भेटीत त्याचा उलगडा झाला. आमच्या ट्रान्सफॉर्मरला ऑफ-सर्किट टॅप स्विच, म्हणजे वीज बंद ठेवून वाइंडिंगचे वेढे कमी-जास्त करणारा स्विच, आहे आणि तो वर्षानुवर्षे एकाच टॅपवर उभा होता. न हललेल्या संपर्कांवर तेलाचा काळा, कोळशासारखा थर चढतो, विरोध वाढतो, उष्णता वाढते आणि त्या उष्णतेने थर आणखी जाड होतो. उच्चदाब वाइंडिंगचा डीसी विरोध मोजल्यावर वाय आणि बी फेज ०.९१२ व ०.९१५ ओहम आले, तर आर फेज ०.९६८. फरक वरवर किरकोळ दिसतो, पण पूर्ण भाराच्या १३१ अँपिअरला हा ०.०५५ ओहमचा जादा विरोध नऊशे वॅटहून अधिक उष्णता निर्माण करतो, आणि तीही एखाद्या बोटाएवढ्या संपर्कावर. मेगरला हे कधीच दिसले नसते, कारण हा दोष इन्सुलेशनमध्ये नव्हता. तो वाहकाच्या मार्गात होता आणि शेजारच्या तेलाला व पुढे कधीतरी कागदाला भाजून काढणार होता. टॅप स्विच सर्व स्थानांवरून वीस वेळा फिरवला, संपर्क घासून साफ झाले आणि आर फेज ०.९१६ वर आला. एवढाच उपाय पुरला. टाकी उघडावी लागली नाही.

दुसऱ्या भेटीसाठी त्यांनी केवळ प्रवासखर्च घेतला, हा त्यांचा चांगुलपणा. तरीही मी त्यांना सांगितले आणि येथेही लिहितो की ही भेट टाळता आली असती. तेलाचा नमुना लाइन बंद न करता घेता येतो. तो हंगाम संपण्याआधी, मार्चमध्ये, ट्रान्सफॉर्मर पूर्ण भारावर असताना घेतला असता, तर जुलैत येताना काय शोधायचे हे पथकाला आधीच माहीत असते आणि सगळे एकाच शटडाउनमध्ये उरकले असते. हा सल्ला ग्राहकाला कोटेशन देतानाच मिळायला हवा होता.

कागदाच्या वयाविषयी अहवालात आणखी एक उणीव होती. कागद कुजताना तेलात फ्युरान हे संयुग उतरते, आणि त्यावरून कागदाच्या तंतूंची लांबी, म्हणजे पॉलिमरायझेशनची पातळी, अंदाजता येते. नव्या कागदाची ही पातळी हजारच्या पुढे असते. दोनशेला कागद आयुष्य संपल्यासारखा ठिसूळ होतो. आमचे फ्युरान दहा लाखांत ०.३ भाग आले आणि सूत्राने पातळी सुमारे ५८० निघाली. अहवालाने ती जशीच्या तशी छापली. तेल दोन वर्षांपूर्वी गाळलेले होते आणि गाळणीत फ्युरानही काही प्रमाणात जाते, तेव्हा प्रत्यक्ष कागद याहून थकलेला असू शकतो. ही माहिती आम्ही त्यांना दिली होती, तरी ती गणिताशेजारी नोंदवली गेली नाही. मी विचारल्यावर सुधारित पान पाठवले.

जनरेटर आणि केबल यांविषयी थोडक्यात सांगतो. जनरेटरच्या स्टेटरचा पोलरायझेशन इंडेक्स ३.४ आला, किमान दोन अपेक्षित असतो. केबल एक्सएलपीई, म्हणजे एका प्रकारच्या पॉलिथिनच्या इन्सुलेशनची, आहे, आणि तिच्यावर डीसी हायपॉट, म्हणजे डीसीची उच्चदाब चाचणी, न करता त्यांनी ०.१ हर्ट्झचा संच वापरला. जुन्या एक्सएलपीईत डीसीमुळे विद्युतभार अडकून राहतो आणि चाचणीनंतर केबल फुटण्याचा धोका वाढतो, म्हणून हा आग्रह प्रत्येकाने धरावा. वारंवारता पाचशे पटींनी कमी असल्याने केबलला लागणारा चार्जिंग प्रवाहही त्याच प्रमाणात घटतो आणि संच जीपमधून आणता येतो. अंशतः डिस्चार्ज, म्हणजे इन्सुलेशनमधल्या पोकळ्यांत होणाऱ्या बारीक ठिणग्या, मोजण्याची सोय मात्र या संस्थेकडे नव्हती. ११ किलोव्होल्टच्या जनरेटरसाठी ती चाचणी मला आवश्यक वाटते, आणि त्यासाठी वेगळी व्यवस्था करावी लागेल.

तक्रारी आणखी दोन आहेत. कोटेशनमध्ये थर्मोग्राफीचा, म्हणजे तापलेले जोड दाखवणाऱ्या उष्णता-छायाचित्रणाचा, समावेश होता, आणि तीही बिगरहंगामात, जेव्हा ट्रान्सफॉर्मरवर वसाहतीच्या दिव्यांपलीकडे भार नसतो. थंड जोडाचे छायाचित्र काढून काय मिळणार? आम्ही ती वगळायला लावली आणि डिसेंबरमध्ये पूर्ण भारावर करून घेतली. दुसरी तक्रार अहवालाच्या मांडणीची. प्रत्येक आकड्यापुढे ‘समाधानकारक’ हा एकच शब्द होता. कोणत्या मानकानुसार, किती तापमानाला आणि मागील कोणत्या रीडिंगच्या तुलनेत समाधानकारक, हे शोधण्यासाठी परिशिष्टे चाळावी लागली. कच्चे आकडे, हवेची आर्द्रता आणि उपकरणांचे कॅलिब्रेशन दाखले मात्र सर्व जोडलेले होते, आणि प्रयोगशाळा एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यताप्राप्त होती.

कराचा समावेश करून सगळे बिल लाखाच्या आत आले. एकंदर सेवेला मी पाचपैकी चार गुण देतो. कापलेला एक गुण उशिरा आलेल्या वायूंच्या अहवालाचा आहे.

टॅप साफ केल्यानंतर तेल गाळले, पण या वेळी आधी आणि नंतर असे दोन्ही नमुने ठेवले. हंगाम सुरू झाल्यावर डिसेंबरच्या नमुन्यात इथिलीन ६ आणि जानेवारीच्या नमुन्यात ७ आले. ॲसिटिलीन दोन्हींत आढळले नाही. पुढचा नमुना मार्चमध्ये, गाळप संपण्याच्या आठवडाभर आधी, पूर्ण भारावर घ्यायचा ठरला आहे, आणि सिरिंज याच संस्थेकडून मागवल्या आहेत.